भाड्याचा गाळा, आपली हत्यारं आणि 'डोळा गेला असता तर?'

या भागाचं शब्दांकन खाली देतोय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय. फक्त अडखळणं, खोकला आणि मागचा ट्रॅफिकचा आवाज काढून टाकलाय.

आजचा विषय ऐकून निम्मे लोक पुढच्या भागावर उडी मारतील याची मला खात्री आहे. विषय आहे विमा. थांबा, थांबा. टर्म प्लॅन विकत नाहीये मी. मी आठवड्याचे पाच दिवस कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी लाकूड कापतो. आणि हा भाग त्या शनिवार-रविवारबद्दल आहे.

झालं असं की, तीन वर्षांपूर्वी आम्ही पाच मित्रांनी पुण्यात, धायरीच्या बाजूला एक छोटा गाळा भाड्याने घेतला. फ्लॅटच्या बाल्कनीत करवत चालवली की खालच्या काकू वर यायच्या, त्यामुळे दुसरा मार्गच नव्हता. गाळ्यात हळूहळू संसार जमला. टेबल सॉ, राउटर, दोन ड्रिल, ग्राइंडर, कॉम्प्रेसर, वीसेक शिकंजे, पटाश्या, कानशी, गुण्या. आणि एका मित्राच्या आजोबांचा लाकडी रंधा. आजोबा सुतार होते. त्या रंध्याची मूठ त्यांच्या हाताने झिजून गुळगुळीत झाली होती.

विम्याचं म्हणाल तर आमच्याकडे तो होता! ओळखीतल्या एका एजंटने 'दुकानाची पॉलिसी' म्हणून काढून दिली होती. पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली, कोणीतरी अंगठा दाखवला, विषय संपला. आपण ॲप टाकताना 'आय ॲग्री' दाबतो ना, अगदी तसं.

मग त्या वर्षीची दिवाळी आली. सगळे गावी. गाळा नऊ दिवस बंद. परत आलो तर मागच्या खिडकीची जाळी काढून ठेवलेली आणि जे जे एका माणसाला उचलता येईल ते ते गेलेलं. टेबल सॉ जड म्हणून वाचली. ड्रिल, राउटर, ग्राइंडर, शिकंजे गेले. रंधाही गेला. नवीन घ्यायचं तर साधारण एक लाख दहा हजारांचं सामान.

आम्ही दावा टाकला. उत्तर आलं की तुमची पॉलिसी आगीची आहे, चोरीची नाही.

आम्हाला राग आला. पण रात्री बसून मी ती पीडीएफ पहिल्यांदा वाचली आणि खरं सांगतो, त्यात सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. चूक आमची होती. त्यानंतर मी या गोष्टीत जरा जास्तच शिरलो. ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट. भारतात छोट्या दुकानांसाठी, गाळ्यांसाठी, वर्कशॉपसाठी एक प्रमाणित पॉलिसी आहे, 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. १ एप्रिल २०२१ पासून ती सुरू झाली. एका जागेवरच्या सगळ्या मालमत्तेची किंमत पाच कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते. म्हणजे आपल्यासारखे त्यात आरामात बसतात. यात आग, वीज पडणं, स्फोट, पूर, वादळ, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं असं बरंच काही येतं. पण चोरी? चोरी फक्त एकाच प्रकारे येते. आधी यातली एखादी घटना घडली, म्हणजे समजा आग लागली, आणि त्या गोंधळामुळे सात दिवसांच्या आत सामान चोरीला गेलं, तर. नुसती खिडकी उचकटून झालेली चोरी यात नाही.

त्यासाठी वेगळा विमा लागतो, घरफोडी विमा. एजंट त्याला बर्गलरी म्हणतात. आणि इथे दुसरी गोम आहे. अशा बहुतेक पॉलिसींमध्ये चोरीची व्याख्या असते की चोर जबरदस्तीने, तोडफोड करून आत शिरला किंवा तसा बाहेर पडला पाहिजे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हेच म्हटलं. पॉलिसीत जबरदस्तीने प्रवेशाची अट असेल तर ती अट पूर्ण व्हायला हवी, नुसतं सामान गेलं एवढं पुरेसं नाही. म्हणजे शटर उघडं टाकून तुम्ही चहाला गेलात आणि ड्रिल गेलं, तर ते चोरी म्हणून पोलिसांकडे नोंदवता येईल, पण पॉलिसीतून पैसे मिळणं अवघड. आणि आपल्याच पाच जणांपैकी एकाने, किंवा ज्याला आपण किल्ली दिली त्याने नेलं, तर तेही सहसा वगळलेलं असतं.

आता तिसरी गोम, आणि छंदवाल्यांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची. अनेक घरफोडी पॉलिसींमध्ये एक अट असते की जागा सलग सात दिवस-रात्र किंवा त्याहून जास्त बिनामाणसाची राहिली, तर त्या काळात संरक्षण नाही. आता बघा, दुकान रोज उघडतं. पण आपला गाळा? एक शनिवार चुकला की झाले तेरा दिवस! आमची ती दिवाळी आठवा, नऊ दिवस. आमच्याकडे घरफोडी विमा असता तरी कदाचित आम्ही याच अटीत अडकलो असतो. म्हणून प्रस्ताव भरतानाच लिहून द्यायचं, की ही जागा मुख्यतः शनिवार-रविवारी वापरात असते. मग कंपनी ती अट बदलून देते का, ते लेखी घ्यायचं. फोनवर 'हो हो होईल' म्हणाले, त्याला काही अर्थ नाही.

आता रकमेबद्दल बोलू. आपण प्रीमियम वाचवायला किंमत कमी दाखवतो. चार लाखांचं सामान, विमा काढला दोन लाखांचा. मनात हिशोब असा की सगळंच थोडी जाणार आहे? एक लाखाचं गेलं तर लाख मिळतील. नाही मिळणार! तुम्ही निम्म्या किमतीचा विमा काढलात, तर नुकसानही निम्मंच भरून मिळतं. लाखाचे पन्नास हजार. याला ॲव्हरेजचा नियम म्हणतात. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत तफावत १५ टक्क्यांपर्यंत असेल तर सोडून देतात, त्यापुढे नाही.

आणि किंमत कुठली? बऱ्याचदा घरफोडी विम्यात बाजारभाव धरतात, म्हणजे जुन्या सामानावर घसारा कापून. तुमचं पाच वर्षांचं राउटर आज नवीन घ्यायला किती लागेल ते नाही, आज त्याची किंमत किती ते. नव्याच्या किमतीने भरपाई हवी असेल तर पॉलिसीत तसं लिहिलंय का ते बघायचं, आणि विम्याची रक्कमही नव्याच्या किमतीनेच ठरवायची.

बरं, सामान कोणाचं? हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. पॉलिसी होती एकाच्या नावावर. टेबल सॉ पाच जणांची सामाईक. ड्रिल दुसऱ्याचं. रंधा तिसऱ्याच्या घरचा. विम्याचा पायाच असा आहे की ज्या वस्तूत तुमचं आर्थिक हितसंबंध आहे तिचाच विमा तुम्हाला काढता येतो. दुसऱ्याची हत्यारं आपल्या ताब्यात असतील, तर 'विश्वासाने सांभाळायला ठेवलेलं सामान' असा उल्लेख पॉलिसीत घालून घ्यावा लागतो. किंवा प्रत्येकाचं नाव टाकावं लागतं. नाहीतर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न हाच येतो की हे ड्रिल तुमचं कशावरून?

त्यावर उपाय फुकट आहे. फोन काढा, गाळ्यात फिरत एक व्हिडिओ करा. प्रत्येक यंत्राचा सिरीयल नंबर जवळून घ्या. बिलांचे फोटो काढा. रविवार पेठेत किंवा ओएलएक्सवर जुनं घेतलंत आणि बिल नाही? मग पैसे पाठवल्याचा यूपीआयचा स्क्रीनशॉट ठेवा. हे सगळं एका शीटमध्ये टाका, ती शीट ड्राइव्हवर ठेवा आणि पाचही जणांना द्या. आपण कोडचा बॅकअप घेतो, हत्यारांचा का नाही? आम्ही चोरीनंतर पोलीस ठाण्यात बसून आठवत होतो, 'शिकंजे किती होते रे? अठरा का बावीस?' हवालदार साहेब आमच्याकडे बघत होते, ते अजून आठवतं.

आता खरा मुद्दा. आत्तापर्यंत वस्तूंचं बोललो. वस्तू परत घेता येतात.

चोरीनंतर चारेक महिन्यांनी आम्ही पुन्हा उभे राहिलो. एका शनिवारी आमचा एक जण टेबल सॉवर फळी चिरत होता. फळी अडकली आणि उलट मागे उडाली. याला किकबॅक म्हणतात, ज्यांनी टेबल सॉ वापरली त्यांना माहीत असेल. हा बाजूला उभा होता म्हणून वाचला. पण मागे शटर उघडं होतं, आणि शेजारच्या गाळ्यात पार्सल द्यायला आलेला एक डिलिव्हरीवाला नेमका तेव्हाच समोरून जात होता. तुकडा त्याच्या भुवईवर बसला.

चार टाके. त्याला दवाखान्यात नेलं, बिल भरलं, आठवडाभराची त्याची मजुरी दिली. तो बिचारा आम्हालाच म्हणाला, "राहू द्या दादा, चुकून झालं." डॉक्टर मात्र टाके घालताना म्हणाले, अर्धा इंच खाली असता तर डोळा होता.

त्या रात्री आम्ही पाच जण गाळ्यात बसलो होतो आणि पहिल्यांदाच आमच्यात भांडण झालं. पैसे कोणी द्यायचे? ज्याच्या हातात फळी होती त्याने? की सगळ्यांनी? सॉचा रायव्हिंग नाइफ, म्हणजे पात्यामागचा तो पत्रा, जो किकबॅक टाळायला असतो, तो मागच्या महिन्यात काढला कोणी? मी काढला होता. मंडळी, मी काढला होता आणि परत बसवला नव्हता. आणि मी त्या दिवशी गाळ्यात नव्हतोसुद्धा!

आणि डोळा गेला असता तर? तर तो माणूस, बाईक चालवून पोट भरणारा माणूस, आयुष्यभराच्या कमाईची भरपाई मागू शकला असता. आणि मागायलाच हवी होती त्याने. तेव्हा 'चुकून झालं' याने भागलं नसतं. आमच्या निष्काळजीपणाची किंमत आमच्या बचतीतून, कर्ज काढून, कशीही द्यावी लागली असती.

यासाठी जो विमा असतो त्याला पब्लिक लायबिलिटी म्हणतात. आपल्या जागेमुळे किंवा कामामुळे तिऱ्हाईत माणसाला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं आणि त्याची कायदेशीर जबाबदारी आपल्यावर आली, तर ती रक्कम आणि बचावाचा खर्च यातून मिळतो, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. एक घोळ टाळा. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्ट नावाचा कायदा आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर तो आला, आणि तो धोकादायक रसायनं हाताळणाऱ्यांना सक्तीचा आहे. आपल्याला जी हवी ती ऐच्छिक पॉलिसी, वेगळी. नाव सारखंच असल्यामुळे एजंटही कधी कधी गोंधळतात.

यात दोन आकडे बघायचे. एका अपघाताला किती आणि वर्षभरात एकूण किती. आणि एक प्रश्न विचारायचाच, तिऱ्हाईत म्हणजे कोण? शेजारचा गाळेवाला, पार्सलवाला, बघायला आलेला मित्र हे तिऱ्हाईत. पण आमच्यातल्या एकामुळे दुसऱ्याला लागलं तर? पाचही जणांची नावं पॉलिसीत विमाधारक म्हणून असतील, तर कंपनी म्हणू शकते की हा तिऱ्हाईतच नाही. त्यासाठी क्रॉस लायबिलिटीचं कलम मिळतं का ते विचारा.

आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं बोट गेलं, तर त्यात जबाबदारी कोणाचीच नाही. तिथे लायबिलिटी पॉलिसी काहीच करत नाही. तिथे आपला आरोग्य विमा आणि वैयक्तिक अपघात विमा. वैयक्तिक अपघात पॉलिसीत कायमच्या अपंगत्वाचा तक्ता असतो, त्यात अंगठा गेला तर इतके टक्के, तर्जनी गेली तर इतके टक्के असं छापलेलं असतं. मी तो तक्ता प्रिंट करून सॉच्या वर चिकटवलाय. मित्र म्हणतात अभद्र आहे. पण तेव्हापासून रायव्हिंग नाइफ कोणी काढत नाही.

काही जण म्हणतात, आम्ही येणाऱ्याकडून सही घेतो, 'काही झालं तर आम्ही जबाबदार नाही'. घ्या, हरकत नाही, पण ते कवच समजू नका. रस्त्यावरून जाणाऱ्याने कुठे सही केलीय? आणि सुट्टीत मुलांसाठी शिबिर घेत असाल तर लक्षात ठेवा, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाला करारच करता येत नाही. त्याच्या सहीला किंमत नाही. शिबिर घेणार असाल तर ते कंपनीला आधी सांगा.

खरंतर सगळंच सांगा. वेल्डिंग करता? सांगा. थिनर, लॅकर ठेवता? किती लिटर ते सांगा. बनवलेली टेबलं इन्स्टाग्रामवर विकता? मग तो नुसता छंद राहिला नाही, तेही सांगा. विमा हा पूर्ण खरं सांगण्यावर उभा असलेला करार आहे. लपवलेली गोष्ट दाव्याच्या दिवशी बाहेर येते, आणि तो दिवस आपला सगळ्यात वाईट दिवस असतो. आणि मदतीला पगारी माणूस ठेवला असेल, तर त्याच्यासाठी कर्मचारी भरपाईची कायदेशीर तरतूद आहे. त्याचा विमा वेगळा, तो या कशातच येत नाही.

आता मालक. "गाळ्याचा विमा मालकाने काढलाय, आपल्याला काय?" असं आम्हीही म्हणायचो. मालकाचा विमा मालकाच्या भिंतींचा. तुमची सॉ त्यात नाही. आणि उलटा धोका असा की तुमच्या चुकीने आग लागली, मालकाच्या कंपनीने मालकाला पैसे दिले, की ती कंपनी मालकाच्या जागी उभी राहून तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. याला सबरोगेशन म्हणतात. त्यामुळे करार करताना मालकाला दोन गोष्टी विचारा. तुमच्या पॉलिसीत भाडेकरूवर वसुली न करण्याचं कलम घालता येईल का? आणि आम्ही इथे यंत्रांवर लाकूडकाम करतो हे तुमच्या कंपनीला माहीत आहे का? आमचे मालक काका आधी वैतागले, "पोरांनो, शनिवारचा खेळ तुमचा, त्याला एवढं कशाला?" मग पार्सलवाल्याचं सांगितलं. गप्प झाले, आणि स्वतःची पॉलिसी कपाटातून काढून आणली. तीही संपलेली होती!

महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा असला तरी तो लेखी करून नोंदवावा लागतो. त्यात वापर काय लिहिलाय ते बघा. 'गोदाम' लिहिलं असेल आणि तुम्ही तिथे ग्राइंडर चालवत असाल, तर कागद आणि वास्तव जुळत नाही. विमा कंपनीला अशा फटी फार आवडतात.

समजा काही घडलंच. चोरी असेल तर कशाला हात लावू नका, फोटो काढा, पोलिसांत एफआयआर करा, कंपनीला लगेच लेखी कळवा. चोर सापडला नाही तर कंपनी पोलिसांचा शेवटचा अहवाल मागते. आपल्याकडे त्याला 'ए समरी' म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. तो मिळायला वेळ लागतो, पाठपुरावा करा. मोठ्या दाव्यात सर्व्हेअर येतो, त्याला ती शीट आणि तो व्हिडिओ द्या. कुणाला इजा झाली असेल तर आधी माणूस, मग फोन. मात्र कंपनीला न विचारता 'सगळी चूक आमची, एवढे लाख देऊ' असं लिहून देऊ नका. लायबिलिटी पॉलिसीत त्याला सहसा मनाई असते. दवाखान्याचं बिल भरणं वेगळं, कबुलीजबाब वेगळा.

दावा चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. व्यक्तीच्या, एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगाच्या पॉलिसी तिथे चालतात.

खर्चाचं विचाराल, तर आज आमच्याकडे आग, घरफोडी आणि लायबिलिटी अशा तिन्ही पॉलिसी आहेत, आणि पाच जणांत वाटून माणशी महिन्याला दोनशेच्या आत येतं. तुमचं काम, जागा, रक्कम यावर ते बदलेल. पण पिझ्झ्यापेक्षा जास्त नसेल. आणि पॉलिसीइतकाच कामाचा ठरला तो आमचा एक पानी कागद. सामाईक काय, वैयक्तिक काय, नुकसान झालं तर कसं वाटायचं, कोणी सोडून गेला तर काय, आणि सुरक्षेचा कुठलाही भाग काढला तर काढणाऱ्याने ग्रुपवर लिहायचं आणि परत बसवेपर्यंत यंत्राचं प्लग काढून ठेवायचं. त्यावर पाच सह्या आहेत. त्या रात्रीचं भांडण या कागदाने मिटवलं, विम्याने नाही.

रंधा मिळाला नाही. त्याची किंमत सर्व्हेअरने लावली असती तर फार तर तीनशे रुपये. मित्राने त्याच मापाचा नवा रंधा स्वतः बनवला, शिसवीचा. मूठ अजून हाताला टोचते म्हणतो. झिजेल हळूहळू.

तर आज एवढंच करा. हा भाग संपला की तुमच्या पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि 'काय वगळलंय' ते पान आधी वाचा. पॉलिसीच नसेल तर निदान तो व्हिडिओ करा, दहा मिनिटं लागतात. आणि टेबल सॉ असेल तर रायव्हिंग नाइफ जागेवर आहे का, ते आत्ता बघून या. मी थांबतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर बोटं सांभाळा!